‘वायरलेस’ होम थिएटर घेताय? कुठली वायर जाते आणि कुठली राहते, ते आधी बघा

मोठा टीव्ही भिंतीवर लागला की आठ-पंधरा दिवसांत घरातून पहिली तक्रार येते ती आवाजाची. चित्र झकास, पण बोलणे कळत नाही. गाणे लागले की आवाज कमी करायचा, संवाद आला की वाढवायचा, असा रिमोटचा खेळ सुरू होतो. घरातल्या वयस्कर माणसांना तर याचा जास्तच त्रास. यात टीव्हीचा दोष एवढाच की तो पातळ आहे. त्याच्या पोटात मोठ्या स्पीकरला जागा नाही, आणि जे छोटे स्पीकर असतात त्यांचे तोंड बहुतेक वेळा खाली किंवा मागे भिंतीकडे असते.

यातूनच होम थिएटरचा विषय निघतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डीव्हीडीवाला सेट अनेक घरांत अजून आहे. पण रंगकामाच्या वेळी वायरी काढल्या, त्या परत लागल्याच नाहीत. म्हणून आता दुकानात पाऊल टाकताच प्रश्न असतो, ‘वायरलेस आहे का?’ दुकानदार ‘हो’ म्हणतो. हे ‘हो’ नेमके कशाबद्दल आहे हे समजून न घेता पैसे मोजले, तर घरी आल्यावर पंचाईत होते.

५.१ म्हणजे काय?

खोक्यावरच्या ५.१ या आकड्यात ५ म्हणजे पाच स्पीकर : समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय बसणाऱ्याच्या बाजूला जरा मागे दोन. पुढचा .१ म्हणजे सबवूफर, फक्त खालच्या धडधडत्या आवाजासाठी. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. त्यामुळे ‘बोलणे कळत नाही’ हीच मुख्य तक्रार असेल तर मधला स्पीकर चांगला असणे महत्त्वाचे. वूफर कितीही मोठा घेतला तरी त्याने संवाद स्पष्ट होत नाहीत.

थिएटरमध्ये डॉल्बी डिजिटल पद्धत १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटापासून आली आणि पुढे डीव्हीडीमुळे ती घरोघरी पोहोचली. २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटापासून डॉल्बी अ‍ॅटमॉस सुरू झाले. त्यात डोक्यावरून येणाऱ्या आवाजाची भर पडली. ५.१.२ असे लिहिले असेल तर शेवटचा २ हा वरच्या आवाजाच्या स्पीकरचा आकडा. घरगुती सेटमध्ये हे स्पीकर बऱ्याचदा वर तोंड करून असतात आणि छतावर आपटून खाली येणाऱ्या आवाजावर चालतात. त्यासाठी सपाट स्लॅब लागतो. उतरत्या कौलारू घरात किंवा उंच माळवदाखाली हा परिणाम नीट मिळत नाही. अशा घरात अ‍ॅटमॉससाठी जादा पैसे घालण्यापेक्षा तेवढ्याच पैशात चांगला साधा ५.१ सेट घेणे शहाणपणाचे.

वायरलेसमध्ये वायर किती?

स्पीकरला दोन गोष्टी लागतात, आवाजाचा सिग्नल आणि वीज. वायरलेसमध्ये हवेतून येतो तो फक्त सिग्नल. वीज प्लगमधूनच घ्यावी लागते. म्हणजे पुढून मागे जाणारी लांब वायर जाते, पण सोफ्यामागे प्लग पॉइंट लागतो. तो नसेल तर वायरमन बोलवायचा खर्च सेटच्या किमतीत आधीच धरावा. बॅटरीवर चालणारे मागचे स्पीकरही मिळतात, पण ते वेळोवेळी चार्ज करावे लागतात.

बाजारात ‘वायरलेस’ नावाखाली साधारण चार प्रकार विकले जातात :

१. फक्त ब्लूटूथ असलेला सेट. मोबाइलवरची गाणी वायरशिवाय वाजतात, पण पाचही स्पीकरला वायरी आहेतच.

२. सबवूफर वायरलेस, पण मागचे दोन स्पीकर वायरने त्याच सबवूफरला जोडायचे. इथे सबवूफर सोफ्याजवळ ठेवावा लागतो.

३. मागच्या बाजूला एक छोटा वायरलेस डबा, आणि मागचे दोन्ही स्पीकर वायरने त्या डब्याला. प्लग एकच लागतो, पण दोन स्पीकरमध्ये वायर राहते.

४. प्रत्येक स्पीकर स्वतंत्र. प्रत्येकाला प्लग, सिग्नलची वायर कुठेच नाही. सोनीने २०२१ मध्ये आणलेला एचटी-ए९ हा या जातीचा : चार स्पीकर आणि टीव्हीजवळ एक डबा. डॉल्बीने २०२३ मध्ये जाहीर केलेली फ्लेक्सकनेक्ट पद्धतही याच दिशेची. त्यात टीव्हीचे स्वतःचे स्पीकर आणि खोलीत सोयीच्या जागी ठेवलेले वायरलेस स्पीकर एकत्र काम करतात.

पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच विचारावे : ‘मागच्या स्पीकरला किती वायरी आणि त्या कुठे जातात?’ शक्य असेल तर खोके उघडून दाखवायला सांगावे.

ब्लूटूथ वेगळे, सराउंड वेगळे

नेहमीचे ब्लूटूथ हे दोन चॅनेलच्या आवाजासाठी आहे. टीव्हीचा आवाज ब्लूटूथने साऊंडबारला दिला तर ५.१ मिळत नाही. शिवाय आवाज उशिरा पोहोचतो. हा उशीर अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्रापेक्षा १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला तो फरक जाणवू लागतो. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, ते यामुळेच. म्हणून टीव्ही ते साऊंडबार ही जोडणी वायरनेच ठेवावी.

सेटमधले स्पीकर मात्र आपसात कंपनीच्या स्वतःच्या रेडिओ जोडणीवर किंवा वाय-फायवर बोलतात. तिथे उशीर फार कमी असतो. हे काम २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते. २.४ च्या पट्ट्यात राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अशी गर्दी असते, त्यामुळे अपार्टमेंटमध्ये आवाज मधेच तुटण्याची तक्रार येते. ५ चा पट्टा तुलनेने मोकळा, पण जाड भिंतीपलीकडे तो लवकर कमजोर पडतो. शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत किंवा खानापूर, गोव्याकडच्या चिऱ्याच्या भिंतींच्या घरांत राउटर आतल्या खोलीत असेल, तर वाय-फायवर चालणारा सेट घेण्याआधी हॉलमध्ये सिग्नल किती येतो ते मोबाइलवर बघावे. स्वतःच्या रेडिओवर चालणाऱ्या सेटला राउटरची गरज नसते. त्याचे स्पीकर एकाच खोलीत असले की काम भागते.

जुना सेट लगेच मोडीत काढू नका

जुना ५.१ सेट चालू असेल आणि त्याच्या पाठीमागे ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेले चौकोनी भोक असेल, तर टीव्हीपासून एक ऑप्टिकल केबल टाकून तो परत कामाला लावता येतो. या केबलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ जाते. बऱ्याच घरांचे काम या एका केबलवर होऊन जाते.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि वेगळे स्पीकर असा दणकट जुना सेट असेल तर समोरचे तीन स्पीकर वायरवरच ठेवावेत. ते टीव्हीजवळच असतात, त्यांची वायर कोणाच्या पायात येत नाही. अडचण असते ती मागच्या दोघांची. त्यांच्यासाठी ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी मिळते : एक डबा अ‍ॅम्प्लिफायरजवळ, दुसरा सोफ्यामागे. नव्या सेटपेक्षा खर्च कमी आणि आवाज बहुतेक वेळा त्या पैशात येणाऱ्या साऊंडबारपेक्षा सरस.

एक काळजी घ्यावी. डीव्हीडीवाल्या सेटचे स्पीकर बऱ्याचदा ३ किंवा ४ ओहमचे असतात. ते ६ किंवा ८ ओहमच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडले तर अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडू शकतो. स्पीकरच्या पाठीमागचा आकडा वाचल्याशिवाय जोडणी करू नये.

पैसे वाया जातात ते सेटिंगमध्ये

सेट ५.१ चा, चित्रपट ५.१ चा, तरी मागचे स्पीकर मुके, अशी स्थिती अनेक घरांत असते. त्याला कारणे बहुधा तीनच.

पहिले, चुकीचे भोक. टीव्हीवर एचडीएमआयची दोन-तीन भोके असतात, पण आवाज बाहेर देणारे बहुधा एकच. त्यावर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेले असते. एआरसी २००९ मध्ये आले, ईएआरसी २०१७ मध्ये. ओटीटीवरचे ५.१ आणि अ‍ॅटमॉस एआरसीमधूनही जाऊ शकते. ब्लू-रे डिस्कवरचा न दाबलेला मोठा आवाज टीव्हीमार्गे न्यायचा असेल तरच ईएआरसी लागते.

दुसरे, टीव्हीची सेटिंग. ‘डिजिटल ऑडिओ आउट’ हे ‘पीसीएम’वर असेल तर बऱ्याच टीव्हींतून दोनच चॅनेल बाहेर पडतात. ते ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास थ्रू’ करावे. सोबत ‘सीईसी’ हा पर्यायही चालू करावा.

तिसरे, मूळ आवाजच दोन चॅनेलचा. सेट टॉप बॉक्सवरच्या मालिका आणि बातम्या बहुतेक स्टिरिओत येतात. ओटीटीवर चित्रपटाच्या नावाखाली ५.१ लिहिलेले आहे का ते बघावे. काही ठिकाणी अ‍ॅटमॉस फक्त महागड्या प्लॅनमध्ये मिळते.

सेट बसवायला आलेल्या माणसाकडून ‘टेस्ट टोन’ लावून घ्यावा आणि प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने आवाज येतो याची खात्री करूनच सही करावी.

हॉलमध्ये कुठे काय ठेवायचे?

समोरचे दोन स्पीकर एकमेकांपासून जितके लांब, साधारण तितक्याच अंतरावर बसायची जागा असावी. मागचे दोन नेमके पाठीमागे नकोत. कानाच्या रेषेपेक्षा थोडे मागे, दोन्ही बाजूंना हवेत. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला असतो. तिथे हे दोन स्पीकर सोफ्याच्या दोन्ही टोकांना, कानापेक्षा जरा वर ठेवावेत.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जवळपास एक मिलिसेकंद. सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर विचारतात ते याचसाठी. टेपने मोजून खरा आकडा भरावा. पाच मिनिटांचे काम आहे, फरक मोठा पडतो.

कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर जास्त घुमतो. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज आणखी नाचतो. जाड पडदे आणि एक सतरंजी एवढ्यानेही संवाद स्पष्ट होतात.

खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’ वॅटच्या हजारांना भुलू नये, ‘आरएमएस’ वॅट बघावेत. वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात.

शेजारी आणि कायदा

४० हर्ट्‌झच्या धडधडीची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. ती भिंतीने अडत नाही. सामाईक भिंतीच्या घरांत हाच भांडणाचा मुद्दा होतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी घरातल्या साऊंड सिस्टिमचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. बऱ्याच सेटमध्ये ‘नाइट मोड’ असतो. तो धडधड दाबतो आणि संवाद वर आणतो. रात्री तो लावला तर घरातल्या आजी-आजोबांना ऐकू येते आणि शेजाऱ्याची झोपही मोडत नाही. सबवूफर सामाईक भिंतीपासून लांब ठेवावा.

वीज, बिल आणि वॉरंटी

पाच-सहा वस्तू कायम प्लगमध्ये राहिल्या आणि सगळ्या मिळून ५ वॅट जरी खात असल्या, तरी वर्षाला जवळपास ४४ युनिट होतात. लांब गावाला जाताना स्विच बंद करावा. वीज वारंवार जाते-येते तिथे सर्ज प्रोटेक्टर लावावा आणि सबवूफर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नये.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला सेट असेल तर त्याच्यावरचा व्होल्टचा आकडा आधी वाचावा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ‘१००-२४०’ असे लिहिले असेल तरच तो थेट लावावा.

बेळगाव-निपाणीची मंडळी खरेदीला कोल्हापूरला जातात, काही गोव्यातून आणतात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर राज्य बदलले म्हणून कराचा दर बदलत नाही. स्वस्त मिळाले तर ते दुकानाच्या सवलतीमुळे. त्यामुळे ‘बिल नको, कमी करून देतो’ या बोलण्याला भुलू नये. बिल नसेल तर वॉरंटी अडते. कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे का, आणि माणूस घरी येतो की सेट आपण न्यायचा, हे लिहून घ्यावे.

‘पूर्ण वायरलेस’ सांगून वायरवाला सेट गळ्यात मारला, तर बिल आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवावा. आधी दुकानदाराला लेखी कळवावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.