किनारा कसा निवडावा? सेमुल्ला ते काशीद

१/ शनिवारी पहाटे सांगवीतून निघालेल्या गाड्या लोणावळा, खोपोली, पेण, वडखळ असा घाट उतरून अलिबागच्या दिशेने जातात. वाटेत एकच वाद रंगतो: अलिबाग, रेवदंडा की काशीद? हा प्रश्न सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांपुढेही होता. त्यांचे निकष मात्र निराळे होते. #धागा

२/ इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची सागरी मार्गदर्शिका लिहिली. लेखकाचे नाव अज्ञात आहे. भडोच, सोपारा, कल्याण अशी बंदरे सांगत तो दक्षिणेकडे 'सेमुल्ला'पर्यंत येतो. सेमुल्ला म्हणजे रेवदंड्याशेजारचे चौल, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

३/ त्या काळी किनाऱ्याची निवड चुकणे महागात पडे. कल्याण हे पूर्वी अधिकृत बंदर होते. पुढे सत्तासंघर्षात तेथील व्यापार रोखला गेला. चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे पेरिप्लस नमूद करतो.

४/ चौलचे बळ कुंडलिकेच्या खाडीत होते. उघड्या समुद्राच्या लाटांपासून आडोसा, गोडे पाणी आणि मागे घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटा, एवढे असले की बंदर उभे राही. स्वच्छ पांढरी वाळू या यादीत कुठेच नव्हती.

५/ त्या वाटांवरची साक्ष आजही वाचता येते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभांवर 'धेनुकाकट' येथील यवनांच्या दानाचे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडील परकीय. सांगवीहून अलिबागला जाणारी प्रत्येक गाडी या लेण्यांच्या पायथ्याजवळून जाते.

६/ आडोसा देणारी खाडी सापळाही ठरू शकते. १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुकांच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना चौलच्या मुखाशीच गाठले. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकले आणि तो मारला गेला.

७/ तरीही पोर्तुगीजांनी हाच किनारा निवडला. १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने रेवदंड्याला त्यांचा किल्ला उभा राहू लागला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, पण खाडीपलीकडच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजपासून घडलेली बोली अद्याप टिकून आहे.

८/ अलिबागचा निकष होता भरती-ओहोटी. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. भरतीला तोच किल्ला बेट होतो. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कान्होजी आंग्रे यांच्या या ठाण्यावर चाल केली, पण त्यांना किल्ला घेता आला नाही.

९/ विसाव्या शतकात एक अनपेक्षित निकष पुढे आला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले. तेव्हा अलिबाग निवडले गेले ते त्याच्या निवांतपणामुळे. आज तेथे जाणाऱ्यांना हे वाचून हसू येईल.

१०/ आणि काशीद? बंदरांच्या जुन्या कथेत त्याला स्थान नाही. उघडा किनारा, थेट येणाऱ्या लाटा, आसऱ्याला खाडी नाही: जहाजाने तो टाळावा हेच शहाणपण. आज मात्र याच गुणांसाठी तेथे गर्दी लोटते. लाटा बदललेल्या नाहीत. खलाशी ज्यांना भीत, त्यांच्यात पोहायला उतरणाऱ्यांचे जीव आजही जातात.

११/ उलट रेवदंड्याची तटबंदी नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये ढासळत उभी आहे. गढूळ खाडी छायाचित्रात शोभत नाही, म्हणून गाड्या तेथे न थांबता पूल ओलांडतात. पाहणारेच नसतील, तर ते दगड जपावेत असे कोणाला वाटेल?

१२/ पुढच्या खेपेला क्रम असा लावता येईल: जाताना कार्ले, ओहोटीची वेळ पाहून कुलाबा, दुपारी चौल-रेवदंडा, सायंकाळी कोर्लई. काशीदला वेळ उरला तर जावे, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळ्यांना विचारावे. या किनाऱ्याची पारख त्यांच्याइतकी कोणाला नाही. (समाप्त)