अध्ययन-रचना साधनांचे कार्यशाळेतील मूल्यमापन

अध्ययन-रचना साधनांचे कार्यशाळेतील मूल्यमापन : विद्यार्थ्याने कोणती कृती, किती वेळ आणि कोणाबरोबर करायची हे अध्यापकाला आधीच आखता यावे, म्हणून तयार केलेल्या संगणकीय साधनांची पारख अध्यापक-प्रशिक्षण कार्यशाळांत प्रत्यक्ष वापरातून करण्याची पद्धत. शाळेतले शिक्षक ज्याला पाठटाचण म्हणतात, त्याचेच हे उच्च शिक्षणातले रूप होय. टाचणात शिक्षक काय करणार हे ठळक असते, अध्ययन-रचनेत विद्यार्थी काय करणार हे. मूडलसारख्या प्रणालीत वर्ग चालवता येतो, साहित्य ठेवता येते, गृहपाठ घेता येतो. रचना-साधनाचे काम त्याच्या आधीचे, म्हणजे आखणीचे आहे. म्हणून त्याची परीक्षाही वेगळी घ्यावी लागते. साधन वापरायला सोपे आहे का, हा पहिला प्रश्न. ते वापरल्यावर अध्यापकाची आखणी बदलते का, हा खरा प्रश्न.

प्रमुख साधने : सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात जेम्स डॅल्झील यांच्या पुढाकाराने विकसित झालेले ‘लॅम्स’ हे या क्षेत्रातील सुरुवातीचे नाव. त्यात कृतींचे चौकोन ओढून एकापुढे एक जोडता येतात आणि तीच साखळी विद्यार्थ्यांसाठी चालवताही येते. लंडनमध्ये डायना लॉरिलार्ड यांनी ‘लर्निंग डिझायनर’ विकसित केले. त्यांच्या मांडणीत शिकण्याचे सहा प्रकार आहेत : ग्रहण (वाचणे, पाहणे, ऐकणे), शोध, चर्चा, सराव, सहयोग आणि निर्मिती. अध्यापक प्रत्येक कृतीला मिनिटे आणि प्रकार देतो. साधन त्यावरून रंगीत वर्तुळालेख काढते. आपल्या तासिकेतला किती वेळ नुसता ऐकण्यात जातो, हे अनेकांना त्या वर्तुळातच पहिल्यांदा दिसते. याच सहा प्रकारांवर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील क्लाइव्ह यंग आणि नताशा पेरोविच यांनी ‘एबीसी’ ही 90 मिनिटांची कार्यशाळा बेतली. तीत संगणक नसतो. अध्यापकांचा गट कागदी पत्ते टेबलावर मांडून अख्खा अभ्यासक्रम उभा करतो. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील ‘इल्डे’ या मंचाने अशी अनेक साधने एका छताखाली आणली. मेटिस या युरोपीय प्रकल्पात अध्यापकांच्या कार्यशाळा घेऊन त्याची पारख झाली. या सर्व धडपडीची वैचारिक मांडणी सायप्रसमधील 2012 च्या बैठकीतून निघालेल्या लार्नाका जाहीरनाम्यात आहे.

भारतातील प्रशिक्षणाची चौकट : 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमध्ये अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि 2023 पासून ती मालवीय मिशन अध्यापक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. मुंबई विद्यापीठाचे केंद्र कलिना संकुलात आहे. येथील ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर अभ्यासक्रम अध्यापकांच्या पदोन्नतीशी जोडलेले असतात. त्यामुळे हजेरीची वानवा नसते. मात्र आलेला प्रत्येक जण शिकण्याच्याच ओढीने आला, असे धरून चालत नाही. मूल्यमापनाची आखणी करताना ही गोष्ट विसरली तर आकडे फसवे निघतात.

पवईचा प्रयोग : महाराष्ट्रातील एक मोठा अनुभव आयआयटी मुंबईचा आहे. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली, माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाच्या मदतीने, दहा हजार अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचा ‘टी-टेन-केटी’ प्रकल्प उभा राहिला. त्याची घडण दुमजली होती. आधी वेगवेगळ्या महाविद्यालयांतील समन्वयक पवईत येऊन शिकत. मग मुख्य कार्यशाळेत पवईतील व्याख्याने अमृता विद्यापीठाच्या ‘ए-व्ह्यू’ प्रणालीवरून देशभरातील दूरस्थ केंद्रांत पोचत आणि प्रात्यक्षिके तेच समन्वयक करून घेत. एका व्याख्यात्यासमोर हजारो अध्यापक असतानाही प्रत्येकाच्या शेजारी मदतीला माणूस असे, हे या रचनेचे बळ.

याच चौकटीत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी अभियांत्रिकी अध्यापकांसाठी ‘ईटी-फोर-ईटी’ हा तीन आठवड्यांचा मिश्र कार्यक्रम घेतला. त्यात चार हजारांहून अधिक अध्यापक सहभागी झाले. त्यामागील प्रतिमानाचे चार टप्पे आहेत : तंत्रज्ञान आणि अध्यापनतंत्र आत्मसात करणे, उद्दिष्ट-कृती-परीक्षा यांचा मेळ घालणे, ते सारे एका पाठात गुंफणे आणि त्याचा परिणाम वर्गात तपासणे. दुसऱ्या टप्प्याचे मूळ जॉन बिग्ज यांच्या 1996 मधील मांडणीत आहे. ‘विश्लेषण करता येईल’ असे उद्दिष्ट लिहून परीक्षेत व्याख्या विचारली, तर पाठ कितीही झगमगीत असला तरी मेळ तुटतो.

पुढे ओपन एडएक्सवर आधारित ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ मंच सुरू झाल्यावर हे प्रशिक्षण ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या रूपात देता येऊ लागले. तेथे वापरलेल्या अध्ययनार्थी-केंद्री प्रतिमानात चित्रफीत मध्येच थांबते. पाहणाऱ्याने एका प्रश्नावर विचार करून उत्तर लिहायचे आणि मग पुढे जायचे. अध्यापक इथे आधी विद्यार्थी होतो. हे थांबे कंटाळवाणे आहेत की उपयोगी, हे तो स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

भाईंदर पूर्वेसाठी एक नमुना : मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील भाईंदर पूर्व भागात शंकर नारायण महाविद्यालय आणि अभिनव महाविद्यालय ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. उपनगरातील अशा महाविद्यालयांत वाणिज्य शाखेच्या तुकड्या मोठ्या असतात आणि तासिका बहुधा 48 मिनिटांची. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेसाठी घडलेले साधन इथे कसे टिकते, हे पाहण्यासाठी पुढील कल्पित उदाहरण उपयोगी पडेल.

विषय कॉस्टिंगचा, घटक भंगाराच्या हिशेबाचा. भाईंदर पूर्वेत स्टीलच्या भांड्यांचे लहानमोठे कारखाने आहेत, तेव्हा उदाहरण तिथलेच : चौरस पत्र्यातून ताटासाठी गोल चकती, म्हणजे ‘सर्कल’, कापायची. चकती पत्र्याच्या चारही कडांना टेकत असेल, तर कोपऱ्यांत सुमारे 21.5 टक्के पत्रा उरतो. तो भंगारात विकला जातो आणि आलेली रक्कम ताटाच्या खर्चातून वजा होते.

कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी अध्यापिका नेहमीची तासिका साधनात भरते : 40 मिनिटे फळ्यावर समजावणे, 8 मिनिटे सराव. वर्तुळालेखात ग्रहणाचा रंग 83 टक्के जागा व्यापतो. दुसऱ्या आखणीत ती 16 मिनिटे समजावण्याला ठेवते, 12 मिनिटे प्रत्येकाने एकट्याने गणित सोडवायला, 12 मिनिटे बाकावरच्या शेजाऱ्याशी उत्तर ताडून पाहायला आणि उरलेली 8 मिनिटे दोघांनी मिळून एका ताटाचे खर्चपत्रक लिहायला. ग्रहण 33 टक्क्यांवर येते. एवढ्यावर साधन यशस्वी ठरत नाही. शंभरावर विद्यार्थी, हलवता न येणारे बाक आणि पाच मिनिटे खाणारी हजेरी हे त्या वर्तुळात कुठेच दिसत नाही. कार्यशाळेतील सहकारी मात्र ते लगेच दाखवून देतात. एकट्याने घरी साधन चाळून पाहण्यापेक्षा कार्यशाळेतली पारख अधिक भरवशाची ठरते ती यामुळे.

मोजण्याच्या पद्धती : सर्वाधिक वापरात असलेली मोजपट्टी म्हणजे जॉन ब्रूक यांची ‘सिस्टिम युझॅबिलिटी स्केल’. तीत दहा विधाने असतात, एक अनुकूल, एक प्रतिकूल अशी आळीपाळीने. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. अनुकूल विधानाच्या गुणांतून 1 वजा करतात, प्रतिकूल विधानाचे गुण 5 मधून वजा करतात आणि बेरजेला 2.5 ने गुणतात. सर्व अनुकूल विधानांना 4 आणि प्रतिकूल विधानांना 2 देणाऱ्या अध्यापकाचा गुणांक 75 येतो. ही टक्केवारी नव्हे. अनेक अभ्यासांच्या संकलनातून सरासरी 68 च्या आसपास आढळली आहे. तिच्या वर-खाली पाहूनच अर्थ लावतात.

फ्रेड डेव्हिस यांच्या 1989 च्या प्रतिमानात उपयुक्तता आणि सुलभता वेगळ्या मोजल्या जातात. सोपे पण निरुपयोगी साधन त्यामुळे ओळखता येते. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांच्या 2006 मधील चौकटीत विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान या तीन ज्ञानांच्या संगमावर भर आहे. कार्यशाळेआधी आणि नंतर त्यावर आधारित प्रश्नावल्या दिल्या जातात. एकूण प्रशिक्षणासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या 1959 मधील चार पायऱ्या रूढ आहेत : प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम. पहिल्या दोन पायऱ्या कार्यशाळेच्या दालनातच मोजता येतात. पुढच्या दोन वर्गात जाऊनच मोजाव्या लागतात.

स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावलीपेक्षा आखणी हा अधिक बोलका पुरावा आहे. पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच्या आखण्या कर्त्यांची नावे झाकून दोन परीक्षकांना दिल्या जातात. उद्दिष्ट मोजता येण्याजोगे आहे का, कृती त्याला धरून आहे का, चुकलेल्या विद्यार्थ्याला दुरुस्तीची संधी आहे का, अशा निकषांवर ते गुण देतात. दोघांचे गुण कितपत जुळतात हेही तपासतात, कारण निकष संदिग्ध असतील तर साधनाऐवजी परीक्षकाची आवडनिवडच मोजली जाते.

मर्यादा : कार्यशाळेत वेळ राखून ठेवलेला असतो, इंटरनेट चालू असते आणि अडल्यास विचारायला कोणी तरी असते, महाविद्यालयात परतल्यावर यातले थोडेच उरते. प्रमाणपत्र वाटण्याआधी अभिप्राय मागितला तर तो गोड असतो. साधन इंग्रजीत असले की मराठीतून शिकवणाऱ्याची अडखळ भाषेची आहे की साधनाची, हे गुणांकावरून कळत नाही. कागदी पत्त्यांनी जे साधते त्यापेक्षा संगणकीय साधनाने अधिक काय दिले, हे कळण्यासाठी एका गटाला पत्ते आणि दुसऱ्याला साधन देऊन तुलना करावी लागते. ती न करता काढलेल्या निष्कर्षात कार्यशाळेचे श्रेय साधनाच्या खात्यावर जमा होते. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या मूल्यमापनात महाविद्यालयाचे सत्र संपण्यापूर्वी त्याच अध्यापकांकडून, कोणाच्याही मदतीशिवाय केलेली आणखी एक आखणी मागवतात. वरच्या नमुन्यातली अध्यापिका पुढचा घटक घेताना साधन पुन्हा उघडते की वहीतल्या जुन्या टिपणांकडे वळते, याची नोंद तिथे होते.