‘कोणालाच माहीत नव्हते’ : एका कबुलीपत्रावरील भाष्य

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी आपल्या संचालक मंडळाला पत्र लिहिले आणि त्याच्या प्रती सेबीला व शेअर बाजारांना पाठवल्या. आदल्या दिवशी १७९ रुपयांच्या आसपास असलेला समभाग त्या संध्याकाळी चाळिशीवर आला. कंपनी कायद्याच्या वर्गात हे पत्र घोटाळ्याचा कबुलीजबाब म्हणून शिकवतात. मला ते दोषाच्या वाटणीचे पत्र वाटते. कोणाच्या वाट्याला किती दोष यावा, हे आरोपीनेच ठरवून टाकले आहे आणि त्याचे गणित तपासण्याजोगे आहे. मूळ पत्र इंग्रजीत आहे. इथे वाक्यांचा आशय घेऊन पुढे जातो.

१. ‘मनावर प्रचंड ओझे घेऊन, अत्यंत खेदाने पुढील बाबी आपल्या निदर्शनास आणत आहे.’

‘आपल्या’ म्हणजे संचालकांच्या. ज्या मंडळाने वर्षानुवर्षे हे हिशेब मंजूर केले, त्यालाच इथे बातमी ऐकणाऱ्याच्या जागी बसवले आहे. औपचारिक पत्राचा हा नेहमीचा मायना म्हणून वाचक पुढे सरकतो. पण मंडळ घटनेच्या बाहेर उभे होते, हे आठव्या वाक्यात उघडपणे येणारे विधान इथे आधीच गृहीत धरले गेले आहे.

२. ‘३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड व बँक शिल्लक ५,०४० कोटींनी फुगवलेली आहे (दाखवलेली ५,३६१ कोटी), ३७६ कोटींचे जमा व्याज अस्तित्वात नाही, १,२३० कोटींचे देणे दाखवलेले नाही, येणी ४९० कोटींनी जास्त दाखवली आहेत.’

बेरीज ७,१३६ कोटी. सगळे बोलतात ते या बेरजेबद्दल. मला पहिल्या आकड्यापाशी थांबावेसे वाटते. ५,३६१ कोटींपैकी खरे ३२१ कोटी. ताळेबंदात सगळ्यात सोपी तपासणी कोणती असेल तर बँकेतल्या पैशांची. गोदामातल्या मालाची किंमत लावताना मतभेद होतात, बुडीत येण्यांचा अंदाज चुकतो. खात्यात मात्र पैसे असतात किंवा नसतात. लेखापरीक्षकाने बँकेला स्वतः पत्र पाठवायचे आणि उत्तर थेट स्वतःकडे मागवायचे, हा उमेदवारी करणाऱ्या पोरालाही पहिल्या महिन्यात शिकवला जाणारा नियम आहे. अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०११ मध्ये सत्यमचे लेखापरीक्षण करणाऱ्या प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय संस्थांवर कारवाई केली, ती नेमकी याच तपासणीतल्या हयगयीबद्दल.

दुसरा प्रश्न व्याजाचा. मुदत ठेवीवर बँक व्याज देते तेव्हा उद्गम कर कापते आणि त्याचा दाखला देते. नसलेल्या व्याजाचा दाखला कसा येणार? हा प्रश्न वित्त विभागातल्या कारकुनाला, अंतर्गत लेखापरीक्षकाला, लेखापरीक्षण समितीला, कोणालाही पडू शकला असता. त्यासाठी हार्वर्डची पदवी लागत नाही.

३. ‘दुसऱ्या तिमाहीत आपण २,७०० कोटींचा महसूल व ६४९ कोटींचा (२४ टक्के) कार्यचालन नफा जाहीर केला, प्रत्यक्षात महसूल २,११२ कोटी व नफा ६१ कोटी (३ टक्के) होता.’

वजाबाकी करून पाहावी. महसुलातला फरक ५८८ कोटी, नफ्यातला फरकही ५८८ कोटी. खोट्या कामाला पगार लागत नाही, वीज लागत नाही, विमानाचे तिकीट लागत नाही. म्हणून खोटा महसूल सगळाच्या सगळा नफ्यात उतरतो. पुढे पत्रच सांगते की त्या तिमाहीत बँक शिल्लकही कृत्रिमरीत्या ५८८ कोटींनीच वाढली. एक आकडा तीन ठिकाणी जसाच्या तसा.

या आकड्यामागे माणसे आहेत. तपासात हजारो खोटी बीजके सापडली. ती संगणकात कोणीतरी भरली, ती इतरांच्या नजरेआड राहतील अशी सोय कोणीतरी केली, आलेली नसलेली रक्कम ‘वसूल’ कोणीतरी दाखवली. ‘आपण जाहीर केला’ यातला ‘आपण’ आठव्या वाक्यापर्यंत टिकत नाही, हे लक्षात ठेवावे.

४. ‘प्रत्यक्ष व दाखवलेल्या नफ्यातली तफावत सुरुवातीला किरकोळ होती, वर्षे गेली तशी ती आवाक्याबाहेर गेली.’

हे खरे असावे. पण किरकोळ तफावत जाहीर करण्याची संधी दर तीन महिन्यांनी येत होती.

५. ‘प्रवर्तकांचा हिस्सा लहान, कामगिरी खालावली तर कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाईल आणि तफावत उघड होईल, ही भीती होती. वाघावर बसल्यासारखे झाले होते. तो खाणार नाही अशा रीतीने उतरायचे कसे, ते कळत नव्हते.’

पत्रातले सर्वांत गाजलेले वाक्य, आणि माझ्या मते सर्वांत चलाख. वाघ म्हटला की स्वार बिचारा ठरतो. हिस्सा लहान होता ही वस्तुस्थिती. तो लहान कसा झाला हे मात्र वाक्य सांगत नाही. २००१ मध्ये प्रवर्तकांकडे पंचवीस टक्क्यांच्या आसपास समभाग होते, २००८ पर्यंत ते नऊ टक्क्यांच्याही खाली आले.

६. ‘मेटासच्या खरेदीचा रद्द झालेला व्यवहार हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता.’

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या मंडळाने राजू कुटुंबाशी संबंधित मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले. सॉफ्टवेअर कंपनीने जमीनजुमला घ्यायचा, तोही अध्यक्षांच्या घरच्यांकडून. मंडळात माजी कॅबिनेट सचिव होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते, हार्वर्डचे प्राध्यापक होते, पेंटियमच्या निर्मितीसाठी ओळखले जाणारे अभियंते होते. ठराव मंजूर झाला. गुंतवणूकदारांनी गदारोळ केला तेव्हा काही तासांत तो मागे घेतला गेला. जे काम मंडळाने बैठकीत करायचे, ते बाजाराने बाहेरून केले.

त्यानंतर एका स्वतंत्र संचालिकेने राजीनामा दिला आणि आपण विरोधी मत नोंदवले नाही याची नैतिक जबाबदारी घेतली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आदर वाटतो तो या वाक्याचा. ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणणे सोपे होते. ‘मला पटले नव्हते, तरी मी गप्प बसले’ असे म्हणायला वेगळी ताकद लागते. बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवलेले एक विरोधी मतही पुढच्या चौकशीला धागा देते.

७. ‘मी किंवा व्यवस्थापकीय संचालकांनी कंपनीतून एक रुपयाही घेतला नाही.’

कंपनीच्या तिजोरीतून घेतला नसेलही. फुगवलेल्या नफ्याने भाव फुगतो आणि फुगलेल्या भावाचे समभाग तारण ठेवून कर्ज मिळते, तेही घेणेच. सेबीने २०१४ मध्ये या बेकायदा लाभापोटी १,८४९ कोटी भरण्याचा आदेश दिला; अपिलानंतर रक्कम कमी झाली, लाभ झाल्याचा मुद्दा कायम राहिला.

८. ‘मंडळाच्या आजी-माजी सदस्यांपैकी कोणालाही याची कल्पना नव्हती, वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही नाही, कुटुंबीयांनाही नाही.’

वरवर पाहता हा मोठेपणा आहे: सगळे अंगावर घेतले, इतरांना सोडवले. मला हे पत्रातले सर्वांत घातक वाक्य वाटते.

पहिले कारण, ते खोटे ठरले. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी धरले. त्यांत राजूंचे दोन भाऊ होते, मुख्य वित्त अधिकारी होते, प्राइस वॉटरहाऊसचे दोन लेखापरीक्षक होते, अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख होते आणि वित्त विभागातले कर्मचारीही होते.

दुसरे कारण अधिक खोल. ‘कल्पना नव्हती’ हा गुन्ह्यापासून बचाव होऊ शकतो, कर्तव्यापासून नाही. संचालकाला, लेखापरीक्षकाला मानधन मिळते तेच माहिती करून घेण्याचे. इथे कोणी शंका काढेल की हजारो कोटींची लबाडी वरूनच रचली असेल तर वर्षातून चार-सहा बैठकांना येणाऱ्या माणसाने काय करावे? शंका रास्त आहे. पण डिसेंबर २००८ मध्ये कंपनीत रोकड नाही, असे सांगणारा निनावी ई-मेल एका स्वतंत्र संचालकाकडे आला होता. म्हणजे आत कोणाला तरी माहीत होते, आणि नाव देऊन बोलण्याइतका विश्वास त्याला वाटत नव्हता. ५३,००० माणसांच्या कंपनीत निर्धास्तपणे तक्रार करण्याची वाट आधीच असायला हवी होती.

२०१३ च्या कंपनी कायद्यावर या वाक्याची सावली स्पष्ट आहे. कलम १४९(१२) नुसार स्वतंत्र संचालक ज्ञात गैरप्रकारांना तर जबाबदार असतोच, पण पुरेशी दक्षता घेतली नाही तरीही असतो. कलम १४३(१२) लेखापरीक्षकाला फसवणूक दिसली तर ती कळवायला लावते. कलम १७७(९) सूचीबद्ध कंपन्यांना तक्रारीची सुरक्षित यंत्रणा उभारायला सांगते. ई-मेल खाते उघडले आणि धोरण संकेतस्थळावर टाकले की हे कलम कागदोपत्री पाळले जाते, हेही मान्य करायला हवे.

९. ‘सर्व सत्यमकरांची व हितसंबंधीयांची मी मनःपूर्वक माफी मागतो.’

पुढच्या पगाराची चिंता असलेल्यांना माफीचा उपयोग मर्यादित. सरकारने मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना आणले, त्याचा उपयोग झाला. एप्रिलमध्ये पुण्यातून चालणाऱ्या टेक महिंद्राने समभागाला ५८ रुपये देऊन कंपनी घेतली.

१०. ‘देशाच्या कायद्याला सामोरे जाण्यास व परिणाम भोगण्यास मी तयार आहे.’

परिणामांची वाटणी अशी झाली: राजू बंधूंना सात वर्षे, रामलिंग राजूंना पाच कोटींहून अधिक दंड, शिक्षेनंतर सुमारे महिन्याभराने जामीन. अमेरिकी भागधारकांनी सामूहिक दावा लावला आणि सत्यमने त्यांना साडेबारा कोटी डॉलर दिले. सामूहिक दाव्याची तरतूद भारतीय कंपनी कायद्यात तेव्हा नव्हती. ती २०१३ च्या कायद्यात कलम २४५ म्हणून आली. सत्यमचे समभाग घेतलेल्या इथल्या छोट्या गुंतवणूकदाराला त्या वाटेने काहीच मिळाले नाही.