माशाच्या पोटातला जंत सांगतो माशाचं मूळ गाव

मिरा-भाईंदरमधल्या तारोडी-उत्तन परिसरात वलांडीवर वाळणारे बोंबील नेहमी दिसतात. गुजरातच्या किनाऱ्यावरही बोंबील भरपूर मिळतो. पण मुंबईचा आणि गुजरातचा बोंबील एकाच साठ्यातला की वेगळा, हे नुसतं बघून ओळखता येत नाही.

याने काय फरक पडतो?

एकत्र वाढणाऱ्या आणि आपसांत प्रजनन करणाऱ्या माशांच्या गटाला ‘साठा’ म्हणतात. साठा एकच असेल, तर एका राज्याने लहान पिल्लं उपसली की दुसऱ्या राज्यातल्या कोळ्यांची जाळी रिकामी राहतात. साठे वेगळे असतील, तर प्रत्येकासाठी वेगळे नियम लागतात.

जंत कसा मदत करतो?

अनेक परजीवींना वाढीसाठी ठरावीक गोगलगाय, कोळंबीसारखा जीव किंवा मासा लागतो. ते जिथे असतात, तिथेच त्या परजीवीची लागण होते. मासा पुढे कितीही दूर गेला, तरी ही खूण त्याच्या अंगात राहते. माशाला पकडून, बिल्ला लावून सोडावं लागत नाही. तपासणीसाठी बाजारातला मासाही चालतो, फक्त तो कुठे पकडला ते नेमकं माहीत हवं.

गाजलेलं उदाहरण

उत्तर पॅसिफिकमध्ये जपानी बोटी पकडत असलेले सॉकाय सॅमन अमेरिकेचे की आशियाचे, हा 1950च्या दशकात मोठा वाद होता. कॅनडाचे शास्त्रज्ञ लिओ मार्गोलिस यांनी दोन परजीवी हेरले. एक फीतकृमी अलास्कातल्या ब्रिस्टल बेच्या सॅमनमध्ये आढळत होता, तर एक गोलकृमी रशियातल्या कामचाटकाच्या सॅमनमध्ये. दोन्हींची लागण सॅमन समुद्रात जाण्याआधी गोड्या पाण्यात होत असे. त्यामुळे भर समुद्रात पकडलेला मासा कोणत्या किनाऱ्याचा, हे त्याच्या अंगातल्या जंतावरून सांगता आलं.

चांगली ‘खूण’ कोणती?

- दोन भागांतल्या माशांमध्ये तिचं प्रमाण स्पष्टपणे वेगळं हवं.
- ती माशात बराच काळ, शक्यतो वर्षभर तरी टिकायला हवी.
- ती ओळखायला सोपी हवी.
- तिच्यामुळे मासा मरता किंवा वागणं बदलता कामा नये.

मर्यादा

वय वाढतं तसे काही परजीवी माशाच्या अंगात साठत जातात. म्हणून उत्तनच्या मोठ्या बोंबलाची तुलना गुजरातच्या लहान बोंबलाशी केली, तर निष्कर्ष चुकेल. आकार आणि हंगाम दोन्ही सारखे हवेत. शिवाय थोडेसे मासे जरी दोन साठ्यांत ये-जा करत असले, तरी जनुकं सारखी दिसू शकतात. परजीवी मात्र त्या एका माशाच्या आयुष्यातला प्रवास दाखवतात. म्हणून जनुकं, कानातला खडा आणि परजीवी असे तिन्ही पुरावे एकत्र पाहिले जातात.

आणि ताटातल्या माशाचं काय? मासा नीट शिजवला की असे जंत मरतात.