साल, कार्ड आणि मेळावा : लोणार परिसरातील रोजगारभेटीचा इतिहास

अनेक मालक आणि अनेक उमेदवार यांची एका दिवशी, एका आवारात घडवून आणलेली गाठ म्हणजे रोजगार मेळावा, आणि हा प्रकार अगदी अलीकडचा असल्याची समजूत सर्वत्र आढळते. परंतु माणूस समोर पाहून, त्याच्याशी बोलून कामाचा व्यवहार ठरवण्याची रीत बुलढाणा जिल्ह्यातील लोणारसारख्या गावांत मेळाव्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि मधली काही दशके ती कागदाने बाजूला सारली होती एवढेच.

या जुन्या रीतीचे ठळक रूप म्हणजे ‘साल’. वर्षभराच्या बोलीवर शेतकऱ्याकडे राहणाऱ्या माणसाला सालगडी किंवा सालदार म्हणत, आणि त्याचे वर्ष मराठवाड्यात बहुधा गुढीपाडव्याला, तर विदर्भात अनेक ठिकाणी अक्षय्य तृतीयेला सुरू होई, कारण रब्बीची मळणी तोवर उरकलेली असे आणि पावसाळ्यापूर्वीची मशागत पुढे असे. रोख रक्कम किती, ज्वारी किती, अंगावर कपडे आणि पायात जोडा मिळणार की नाही, आणि ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम किती, हे सारे आधी बोलून घेतले जाई. लेखी करार क्वचितच होई. या व्यवहारात गड्याची बाजू दुबळी होती, उचलीच्या कर्जाने तो पुढच्या सालालाही बांधला जाई, हे विसरून या प्रथेचे गोडवे गाणे योग्य नव्हे; तरीही आपल्याला काय मिळणार हे काम धरण्यापूर्वी विचारून घेण्याचा रिवाज तिच्यात होता.

लोणारला उन्हाळ्याचे आणखी एक काम होते. सरोवराचे पाणी ओसरले की काठावर व चिखलात क्षार साचे आणि तो गोळा करण्यासाठी मजूर लागत. काच आणि साबण यांसाठी लागणारा कच्चा माल या भागात मिळतो, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’तही आहे.

कागदाचे युग १९४५ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी केंद्र सरकारने सेवायोजन कार्यालये, म्हणजे उमेदवारांची नावे नोंदवून मागणीप्रमाणे ती मालकांकडे पाठवणारी कार्यालये उघडली आणि पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. या कार्यालयांचा दैनंदिन कारभार १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांकडे आला, आणि बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला तोही त्याच दिवशी. रिक्त जागा कळवणे बंधनकारक करणारा १९५९चा कायदा १ मे १९६० रोजी, महाराष्ट्राच्या स्थापनेदिवशीच, लागू झाला. या कायद्याने खासगी क्षेत्रातील पंचवीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापना कक्षेत घेतल्या, मात्र शेतीतील नोकऱ्या जवळजवळ पूर्णपणे वगळल्या, त्यामुळे सालगडी वहीच्या बाहेरच राहिला. शिवाय जागा कळवणे सक्तीचे होते, पाठवलेल्या उमेदवाराला घेणे नव्हे. ‘एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घातले आहे’ आणि ‘अजून कॉल आला नाही’ ही वाक्ये घरोघरी रुळली, ती यातूनच. उमेदवाराने जिल्ह्याच्या ठिकाणी जावे, नाव घालावे, नोंदणीच्या कार्डाचे नूतनीकरण करत राहावे आणि वाट पाहावी. त्याने बोलावे अशी जागा या व्यवस्थेत कोठेच नव्हती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ या कार्यालयाकडून आलेल्या नावांवर न थांबता वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी असे सांगितले, तेव्हा कार्डाचे उरलेसुरले वजनही घटले.

त्यानंतर सरकारी कार्यालयांची भूमिका नोंदणीकडून मार्गदर्शनाकडे आणि गाठ घालून देण्याकडे सरकली. जुलै २०१५ मध्ये केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जिल्हावार मेळावे भरू लागले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरला ‘नमो महारोजगार मेळावा’ झाला. मेहकर, चिखली करत बुलढाण्याला पोहोचणाऱ्या लोणारच्या विद्यार्थ्याला या बदलाने बोलण्याची संधी परत दिली, पण ती वापरण्याची सवय कार्डाच्या काळात मोडली होती. म्हणूनच अनेक उमेदवार आजही मेळाव्याकडे नाव घालण्याची खिडकी म्हणून पाहतात, दिसेल त्या टेबलावर बायोडाटा ठेवतात आणि कॉलची वाट पाहत परततात. आलेल्या कंपन्यांची यादी आधी वाचून त्यांतल्या तीन-चारच निवडणारा, प्रत्येकीसाठी बायोडाट्याची वेगळी प्रत आणि मूळ गुणपत्रिका जवळ ठेवणारा, भेटलेल्या अधिकाऱ्याचे नाव टिपून घेऊन आठवड्याभरात त्याला पुन्हा विचारणारा विद्यार्थी या व्यवस्थेचा खरा उपयोग करून घेतो. मेळाव्यात जाहीर होणारी ‘प्राथमिक निवड’ ही नेमणूक नसते, तर पुढच्या फेरीसाठी नाव पुढे गेल्याची खूण असते. जागा कायम आहे की शिकाऊ उमेदवाराची, सांगितलेल्या पगारातून हातात किती पडणार, काम चाकणला की वाळूजला, राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा आणि मधेच सोडल्यास काही रक्कम भरावी लागेल का, हे प्रश्न टेबलासमोर विचारायला पदवीधर संकोचतो. साल ठरवताना ज्वारी, कपडे आणि उचल यांची बोली करणाऱ्याला तो संकोच परवडणारा नव्हता.