आधी कोणाची आवराआवर?

समजा, दोन याद्यांनी एकमेकींना धरून ठेवलंय आणि बाहेरून त्यांना कोणीच विचारत नाही. मेमरी सुटेल? पायथॉन वस्तूचे संदर्भ मोजतो. जॉर्ज कॉलिन्सने 1960 मध्ये मांडलेली ही युक्ती. पण इथे मोजणी शून्यावर येतच नाही! म्हणून 2000 साली, आवृत्ती 2.0 मध्ये, अशी वर्तुळं शोधणारा कलेक्टर आला.

मात्र वर्तुळातल्या वस्तूंना डिस्ट्रक्टर, म्हणजे शेवटची आवराआवर करणारं फंक्शन, असेल तर आधी कोणाचं चालवायचं? पायथॉनने अंदाज बांधला नाही. त्या वस्तू तशाच पडून राहायच्या. 2014 च्या आवृत्ती 3.4 पासून आधी सगळे डिस्ट्रक्टर चालतात, मग वर्तुळ तुटतं. क्रमाची हमी मात्र आजही नाही. तेव्हा फाइल स्वतःच बंद करा.