टपालात पडलेला शब्द

दोन व्यापारी समोरासमोर बसून सौदा करतात, तेव्हा करार नेमका कोणत्या क्षणी झाला हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. एकाने भाव सांगितला, दुसऱ्याने ‘मान्य’ म्हटले, तो शब्द पहिल्याच्या कानी पडला आणि दोघेही बांधले गेले. इंग्लिश कायद्यात पहिल्याच्या बोलण्यास प्रस्ताव आणि दुसऱ्याच्या होकारास स्वीकार म्हणतात. मोबदल्यासारख्या अन्य अटी पुऱ्या असल्या, की या दोहोंच्या मिलनातून करार जन्मास येतो व मग कोणासही एकतर्फी माघार घेता येत नाही. परंतु हे दोघे दूरदूरच्या गावी असले आणि त्यांच्यामध्ये टपालाची गाडी असली, तर तो क्षण कोणता? होकार लिहिल्याचा, टपालात टाकल्याचा, की समोरच्याने वाचल्याचा? दिसावयास हा प्रश्न काथ्याकुटाचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर कित्येकांचा नफा-तोटा अवलंबून राहिला आहे.

२ सप्टेंबर १८१७ रोजी इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज येथील लिंडसेल नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्यांनी ब्रॉम्सग्रोव्ह येथील अॅडम्स या कापड-उत्पादकांना पत्र लिहिले. ८०० टॉड लोकर, दर टॉडला ३५ शिलिंग ६ पेन्स, उत्तर उलट टपाली यावे, असा त्यातील मजकूर होता. टॉड म्हणजे २८ पौंडांचे वजन. तेव्हा हा सौदा तब्बल दहा टन लोकरीचा होता. दुर्दैवाने पत्रावर परगण्याचे नाव चुकीचे पडले. ब्रॉम्सग्रोव्ह हे गाव वूस्टरशायरमधले. पत्र गेले लेस्टरशायरकडे. ते फिरत फिरत ५ तारखेच्या सायंकाळी योग्य स्थळी पोहोचले. अॅडम्सनी त्याच रात्री होकार टपालात टाकला. इकडे ७ तारखेपर्यंत उत्तर येईल अशी लिंडसेलांची अपेक्षा होती. ते आले नाही, म्हणून ८ तारखेस त्यांनी ती लोकर दुसऱ्यास विकली. आणि ९ तारखेस अॅडम्सचा होकार त्यांच्या हाती पडला.

१८१८ साली हे प्रकरण किंग्ज बेंच न्यायालयापुढे आले. होकार हाती पडेपर्यंत आपण बांधलेले नव्हतो, हा लिंडसेलांचा बचाव. न्यायालयाने तो मानला नाही. होकार पोहोचल्यावाचून प्रस्ताव करणारा बांधला जात नाही असे मानले, तर तो पोहोचल्याची खबर मिळेपर्यंत स्वीकारणाराही बांधला जाऊ नये, आणि ती खबर मिळाल्याचीही खबर पहिल्यास हवी. ही साखळी कधी संपणारच नाही व टपालाने एकही करार पुरा होणार नाही. शिवाय उशीर झाला तो लिंडसेलांच्याच चुकीच्या पत्त्यामुळे. या निकालातून पुढे असा नियम रूढ झाला, की स्वीकाराचे पत्र टपालात पडले त्याच क्षणी करार पुरा होतो.

यावरून मनातल्या मनात दिलेला होकारही पुरे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मौन हे संमतीचे लक्षण होय, अशी संस्कृत उक्ती प्रसिद्ध आहे. इंग्लिश कायद्याला ती मान्य नाही. फेल्टहाउस नावाच्या एका गृहस्थाने आपल्या पुतण्याला लिहिले, की तुझ्याकडून काही कळले नाही, तर तो घोडा ३० पौंड १५ शिलिंगांना माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. मात्र तो घोडा विकू नये, असे त्याने लिलाव करणाऱ्यास बजावले होते. लिलाव करणाऱ्याने चुकून तो विकला. काकांनी त्याच्यावर दावा लावला व १८६२ साली ते हरले. पुतण्याचा मनोदय काहीही असो, त्याने तो काकांना कळविला नव्हता. आणि आपले मौन म्हणजेच होकार, अशी अट दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार कोणासही नाही.

टपालाच्या नियमाची खरी कसोटी १८७९ साली लागली. ग्रँट नावाच्या गृहस्थाने एका अग्निविमा कंपनीच्या १०० भागांसाठी अर्ज केला होता. कंपनीने भाग मंजूर करून पत्र टपालात टाकले. परंतु ते ग्रँटला कधीच मिळाले नाही. पुढे कंपनी बुडाली आणि उरलेल्या रकमेची मागणी त्याच्याकडे आली. आपण भागधारक आहोत हे ज्याला ठाऊकच नव्हते, त्याने बुडीत कंपनीचे देणे का द्यावे? न्यायाधीश ब्रॅमवेल यांनी भिन्नमत नोंदविले, की न पोहोचलेले पत्र न पाठविल्यासारखेच होय. बहुमत मात्र ग्रँटच्या विरुद्ध गेले. न्यायाधीश थेसिजर यांचे म्हणणे असे, की कोणताही नियम केला तरी एका पक्षावर अन्याय होण्याचा संभव उरतोच. परंतु ‘उत्तर प्रत्यक्ष पोहोचेल तरच बंधन’ अशी अट आधीच घालून प्रस्ताव करणारा स्वतःचे रक्षण करू शकतो.

प्रस्ताव मागे घेण्याच्या पत्राला मात्र ही सवलत मिळाली नाही. १ ऑक्टोबर १८७९ रोजी कार्डिफहून न्यूयॉर्कला पत्र्याच्या १००० पेट्यांचा प्रस्ताव गेला आणि ८ तारखेस तो रद्द केल्याचे पत्र निघाले. ते समुद्रात असतानाच, ११ तारखेस, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने तारेने होकार कळविला. रद्दपत्र पोहोचले २० तारखेस. माघार समोरच्याला कळेपर्यंत ती माघारच नव्हे, असे १८८० साली ठरले व करार कायम राहिला.

हाच इंग्लिश विचार १८७२ च्या भारतीय करार कायद्यात उतरला, पण जसाच्या तसा नव्हे. त्याच्या चौथ्या कलमानुसार होकाराचे पत्र रवाना होताच प्रस्ताव करणारा बांधला जातो. स्वीकारणारा मात्र ते पत्र समोरच्यास कळेपर्यंत मोकळा राहतो. म्हणून येथे होकार टपालात टाकूनही, तो पोहोचण्यापूर्वी जलद मार्गाने नकार कळविता येतो.

पुढे टेलेक्स आणि दूरध्वनी आले. १९५५ साली लंडन व अॅम्स्टरडॅम यांच्यामधील टेलेक्सच्या सौद्यात न्यायाधीश डेनिंग यांनी निर्णय दिला, की जेथे उत्तर तत्काळ पोहोचते तेथे टपालाचा नियम लागू नाही; होकार मिळेल तेथेच व तेव्हाच करार होतो. दहा वर्षांनी हाच वाद सर्वोच्च न्यायालयात आला. १९५९ साली अहमदाबादच्या पेढीने विदर्भातील खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीशी सरकीच्या पेंडीचा सौदा दूरध्वनीवर केला होता. होकार उच्चारला गेला खामगावात, ऐकला गेला अहमदाबादेत. मग दावा कोठे चालावा? १९६५ साली बहुमताने अहमदाबाद हे उत्तर दिले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे भिन्नमत मात्र खामगावच्या बाजूने पडले. चौथ्या कलमाचे शब्द दूरध्वनीवरील बोलण्यासही लागू पडतात, असा त्यांचा अर्थ होता.

थेसिजर यांनी सांगितलेला उपाय पोकळ नव्हता, हे इंग्लंडातच १९७३ साली दिसून आले. घर खरेदीच्या एका प्रकरणात होकाराची लेखी सूचना मालकास मिळाली पाहिजे, अशा अर्थाची अट होती. सूचनेचे पत्र टपालात गहाळ झाले आणि करार झालाच नाही, असे न्यायालयाने ठरविले. ग्रँट ज्या धोक्यात सापडला, त्यातून तो घरमालक सुटला तो त्या एका अटीमुळे. वाटेतला धोका कायद्याला नाहीसा करता येत नाही. तो कोणी सोसावा एवढेच त्याला ठरविता येते. आणि तेही, प्रस्ताव लिहिणाऱ्याने आधी लिहून ठेवले नसेल तरच.